दिवाळीत व्हिएतनाम, सोबत आई-बाबा: आठ रात्रींत काय बसतं आणि काय नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबत जोडलेला एजंटचा कार्यक्रमही. तुम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी, सत्तरीचे बाबा आणि पासष्टीच्या आई, असे सहा जण. सगळे शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. दिवाळीची सुट्टी, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. आठ रात्रींत हनोई, सापा, हा लाँग, दा नांग, बा ना हिल्स, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि फू क्वॉक. हे जमेल का, आणि खायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक काम करा. कागद घ्या आणि या कार्यक्रमात बॅगा किती वेळा भरायच्या आहेत ते मोजा. मी मोजलं: सात वेळा. आठ रात्रींत सात वेळा, त्यात तीन देशांतर्गत विमानं आणि सापाला जायचा पाच-सहा तासांचा रस्ता. गेली बारा-तेरा वर्षं मी ठाण्यात बसून लोकांच्या सहली आखतोय, व्हिएतनामला तर २०१३ पासून माणसं पाठवतोय, मधली कोविडची दोन वर्षं सोडून. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असली की मी ठिकाणं मोजत नाही, बॅगा मोजतो. आठ रात्रींना तीनदा, फार तर चारदा. त्यापुढे चौथ्या दिवशी आई म्हणतात, 'तुम्ही जाऊन या, आम्ही खोलीवरच थांबतो,' आणि तिथे सहल मोडते.

पण तुमच्या कार्यक्रमातली खरी चूक ही नाही. खरी चूक पावसाची आहे.

व्हिएतनाम हा देश म्हणजे एक लांब पट्टी आहे. हनोई ते साय्‌गॉन (हो ची मिन्ह सिटीला तिथले लोक अजून साय्‌गॉनच म्हणतात) रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही लांब. त्यामुळे 'व्हिएतनामला कुठल्या महिन्यात जावं' या प्रश्नाला एक उत्तर नाही, तीन आहेत. उत्तरेला, म्हणजे हनोई-हा लाँगला, आपल्यासारखाच मे ते सप्टेंबर पाऊस. जुलै ते सप्टेंबर वादळांची भीती. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा आणि सुखद. जानेवारीत चक्क स्वेटर लागतो. दक्षिणेला, म्हणजे साय्‌गॉन-मेकाँगला, साधारण मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडं.

मधला पट्टा मात्र उलटा चालतो, आणि आपले लोक तिथेच फसतात. दा नांग, होई आन, ह्वे यांच्या पश्चिमेला डोंगररांग आहे, पूर्वेला समुद्र. आपल्या नैऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत ढग त्या डोंगरापलीकडे लाओसच्या बाजूला रिकामे होतात आणि दा नांगला ऊन असतं. सप्टेंबरनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरून येतो आणि तोच डोंगर त्याला अडवतो. सह्याद्री आणि कोकण डोळ्यांसमोर आणा, फक्त आरसा धरून. जूनमधलं दा नांग म्हणजे घाटापलीकडचं माण-खटाव, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं दा नांग म्हणजे जुलैतली रत्नागिरी. त्यात वादळंही याच सुमारास त्या किनाऱ्याला लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हा घोटाळा केलाय. चौदा जणांचा ग्रुप दिवाळीत होई आनला नेला. दुसऱ्या रात्री नदी चढली. पहाटे हॉटेलची पोरं शांतपणे तळमजल्याच्या खुर्च्या वर नेऊन ठेवत होती, आमचे बूट त्यांनी आधीच पहिल्या मजल्यावर जोडीजोडीने मांडले होते. त्यांना त्याचं काही नव्हतं. होई आनच्या जुन्या घरांत भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा असतात, शेजारी साल लिहिलेलं; पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. आम्ही होडीतून बाहेर पडलो. फोटो झकास आले, पण ग्रुपमधल्या एका आजींनी मुंबईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यांचं चुकलं नाही.

आता तुमच्या प्रश्नातली गंमत बघा. तुम्ही लिहिलंय की बाबांना ती चंपा राज्याची (मध्य व्हिएतनाममधलं जुनं हिंदू राज्य) शिवमंदिरं बघायची आहेत, तुम्हाला होई आनचे कंदील, आणि मुलांना समुद्र. तिन्ही गोष्टी त्याच मधल्या पट्ट्यात आहेत. म्हणजे ज्यासाठी तुम्ही निघालाय ते सगळं नेमकं पावसात. म्हणून स्पष्ट सांगतो: या तीन गोष्टी खरोखर हव्या असतील तर दिवाळीत जाऊ नका, परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. ऊन असेल, पण समुद्र शांत आणि निळा. फक्त ३० एप्रिल आणि १ मे टाळा. त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, अख्खा देश किनाऱ्यावर उतरतो. टेटचंही तसंच. टेट म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. तेव्हा आठवडाभर दुकानं, खानावळी बंद आणि गाड्या-विमानं भरलेली.

एप्रिलमध्ये गेलात तर हनोई दोन रात्री, हा लाँगच्या उपसागरात बोटीवर एक, मग विमानाने दा नांगला जाऊन होई आनमध्ये पाच रात्री एकाच हॉटेलात. पाच ऐकून दचकू नका. एक दिवस 'मी सन' (बाबांची ती शिवमंदिरं तिथेच आहेत), एक दिवस बा ना, एक दिवस समुद्र, एक दिवस नुसतं गावात भटकणं. मी सनची मंदिरं चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधली गेली. भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवलिंग स्थापलं, आपलं आणि देवाचं नाव जोडून. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत तिथलं सर्वांत मोठं शिखर गेलं. अलीकडे आपल्या पुरातत्त्व विभागाने तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. बाबांना सकाळी सातच्या आत तिथे पोचवा. दहानंतर त्या दरीत वारा हलत नाही. दा नांगचं चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या, शिल्पांचं संग्रहालय आदल्या दिवशी दाखवा, म्हणजे मी सनच्या रिकाम्या कोनाड्यांत काय होतं ते कळतं. बऱ्याच मूर्ती तिथे ठेवल्यात.

कंदिलांचंही सांगून ठेवतो. होई आनमध्ये दर चांद्र महिन्याच्या शुद्ध चतुर्दशीला जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करतात किंवा मालवतात आणि नुसते कंदील लावतात. आपलं कालनिर्णय बघून तारीख धरता येते, एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पडला. बा ना हिल्सचा तो हातांवर तोललेला सोनेरी पूल २०१८ मध्ये झाला. खोटं का बोला, मला तो आवडत नाही, पण मुलांना आवडतो आणि केबल कार खरोखर थोर आहे. जायचंच तर पहिल्या गाडीने वर जा.

दिवाळीच पक्की असेल तर मधला पट्टा सरळ सोडा. सापाही सोडा, धानाची खाचरं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कापून झालेली असतात, उरतो तो धुकं आणि चढ. हनोई दोन रात्री, निन्ह बिन्ह (हनोईच्या दक्षिणेला, होडीतून डोंगर-गुहा बघायची जागा) दोन, हा लाँगच्या बोटीवर एक, मग साय्‌गॉनला तीन. बॅगा चारदा. नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनाम वर्षातलं सर्वांत छान असतं. जाताना मुंबई-हनोई आणि येताना साय्‌गॉन-मुंबई असं तिकीट काढा, दोन्हीकडे थेट विमानं आहेत, पाच-साडेपाच तासांची. एजंट हनोईचं जाऊन-येऊन तिकीट देतो, कारण ते त्याला सोपं पडतं, आणि मग शेवटच्या दिवशी तुम्ही सबंध देश उलटा ओलांडता.

बोटीच्या दिवसाकडे नीट बघा. दुपारी बाराच्या सुमारास बोट धक्क्याला लावते, तिथून हनोईच्या विमानतळाला अडीच-तीन तास. त्या दिवशीचं साय्‌गॉनचं विमान संध्याकाळी सातच्या आधीचं घेऊ नका. तिथली स्वस्त विमानं उशीर करतात हे धरूनच चालायचं. वाऱ्याचा इशारा आला की बंदर खातं बोटी सोडत नाही. अशा वेळी बोटवाल्याशी हुज्जत घालू नका. जुलै २०२५ मध्ये हा लाँगला अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटली आणि पस्तीसहून जास्त माणसं गेली. बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

एजंटच्या कागदात आणखी दोन शब्द तपासा. 'एसआयसी' लिहिलं असेल तर ती दहा हॉटेलं फिरून माणसं गोळा करणारी बस; आई-बाबांसाठी विमानतळ आणि निन्ह बिन्ह तरी स्वतंत्र गाडी मागा. दुसरं, हनोईच्या जुन्या भागातली हॉटेलं. ती घरं बोळासारखी अरुंद आणि खोल असतात, त्यामुळे स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते, आणि लहान हॉटेलात लिफ्टही नसते. 'खिडकी आहे का, लिफ्ट आहे का' हे हॉटेललाच मेल करून विचारा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत होआन कियम तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. तेव्हा पोचलात तर बॅगा ओढत चालायची वेळ येते. आणि विमान सकाळी उतरत असेल तर खोली दोनला मिळते. सत्तरीच्या माणसाला रात्रभराच्या प्रवासानंतर लॉबीत सहा तास बसवू नका, आदल्या रात्रीचे पैसे भरा. या सहलीतले सर्वांत सार्थकी लागणारे पैसे ते.

व्हिसा सोपा आहे, पण चुका तिथेच होतात. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. मुलांचाही वेगळा काढायचा. अर्ज सरकारी साइटवरच भरा, जिच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असतं. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट दुप्पट-तिप्पट घेतात. कागदोपत्री तीन कामकाजाचे दिवस, पण तुम्ही तीन आठवडे आधी भरा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव धरून. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात वहिनींचं मधलं नाव अर्जात राहिलं. मुंबईत रात्री अकराला काउंटरवर थांबवलं, बाकीचे चौघे गेले, त्या नवा व्हिसा येईपर्यंत चार दिवस पवईला बहिणीकडे राहिल्या. चूक झाली की दुरुस्ती नाही, नवा अर्ज आणि नवे पैसे. जन्मतारखेत दिवस आधी, महिना नंतर. पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी चालू हवा.

आता खाणं. तिथे शाकाहाराला जो शब्द आहे तो 'चाय'. हो, आपल्या चहासारखाच, जरा तुटक. 'तोई आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. 'कोम चाय' लिहिलेली पाटी दिसली की आत शिरा. ती बौद्धांची शाकाहारी खानावळ. भात, टोफूचे पाच-सहा प्रकार, कमळाचं देठ, मशरूम, पालेभाज्या, सार. बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, आपल्या एकादशीसारखं, त्या दिवशी या खानावळी गच्च भरतात आणि पदार्थही जास्त असतात. तिथे 'मांसासारखे' दिसणारे पदार्थ असतात, बदकाच्या आकाराचा टोफूसुद्धा. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर ताट परत जाईल.

साध्या हॉटेलात मात्र 'भाजी द्या' म्हणून चालत नाही. कलमी भाजीसारखी एक पालेभाजी लसूण घालून परततात, अप्रतिम लागते, पण तिच्यावर मासळीचं पाणी शिंपडलेलं असू शकतं. 'नुओक माम' त्याचं नाव, मासे मिठात मुरवून काढतात, आणि ते त्यांना मिठासारखं वाटतं. मांस नाही म्हटलं तरी ते राहतं. म्हणून फोनमध्ये भाषांतर करून ठेवा: मांस नको, मासे नको, कोळंबी नको, मासळीचं पाणी नको, हाडांचं सार नको. फो नावाचं सूप हाडांच्या पाण्यातच होतं, वरून मांस काढून ते शाकाहारी होत नाही. 'फो चाय' मागा.

बायकोचा सल्लाही देतो, तिने माझ्यापेक्षा जास्त आज्या सांभाळल्यात. पाव किलो मेतकूट न्या. भात कुठेही मिळतो, खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असते, मेतकूट-भात आणि तूप झालं की आईंची संध्याकाळ सुटते. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या नाही. दह्याच्या भरवशावर राहू नका: तिथलं दही गोड असतं, आटवलेलं गोड दूध घालून लावतात. दहीभात कालवल्यावर कळतं आणि मग चेहरे बघवत नाहीत. बाकी हनोई, दा नांग, साय्‌गॉन तिन्हीकडे भारतीय हॉटेलं आहेत, दिवसाआड एक धरा.

पैशांचं थोडक्यात. रुपयाला साधारण २९०-३०० डोंग येतात. मी असं करतो: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा, १,००,००० डोंग म्हणजे तीनशे चाळीस-पन्नास रुपये. मोठ्या नोटा प्लास्टिकच्या आणि जवळपास सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. २०,००० ची निळी आणि ५,००,००० ची पण निळी. अंधारात टॅक्सीत हमखास चुकते, म्हणून पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. यूपीआय धरून चालू नका. डॉलर थोडे आणि कार्ड न्या. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप घ्या, भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही.

नवरोबांनी 'तिथे स्कूटर भाड्याने घेऊ' म्हटलंय ते कृपया नको. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातला असतो, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला मानतं. दुकानदार स्कूटर देतो, विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनी विचारते. आणि रस्ता ओलांडताना आपली पुण्या-ठाण्याची सवय विसरा. धावायचं नाही, मध्ये थबकायचं नाही, मागे तर अजिबात नाही. एका संथ चालीने जायचं, स्कूटर तुमच्या बाजूने वळून जातात. मुलीचा हात धरा आणि बाबांना सांगा, 'फेरीला निघालोय असं चाला.'

मुलाने विचारलंय म्हणून: व्हॉट्सअॅपवर फिरतो तो मजकूर, की व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने अमेरिकेला हरवलं आणि तिथे महाराजांचा पुतळा आहे, खरा का. इतक्या वर्षांत मला तिथे तसं काही दिसलेलं नाही, आणि आमच्या तिथल्या गाइडला दर ग्रुपमध्ये कोणीतरी हे विचारतं. बिचारा आता आधीच हसतो.

शेवटचं, निन्ह बिन्हच्या होडीत बाबांना बसता येईल का. येईल, पण होडी निवडून. त्रांग आनची फेरी अडीच-तीन तासांची, होडीत चार-पाच जण, बसायला ठेंगणी फळी, आणि गुहांत छत इतकं खाली येतं की पाठ वाकवून मान मांडीशी न्यावी लागते. ताम कॉकची फेरी त्याहून बरीच लहान, एका होडीत दोघंच, गुहा तीन. ताम कॉकचा अर्थच तीन गुहा. वल्हवणाऱ्या बायका पाठ टेकून पायाने वल्ही मारतात, ते बघण्यात आईंचा वेळ मजेत जाईल. आई-बाबांना ताम कॉक, तुम्ही चौघं त्रांग आन, असं करा. हँग मुआचा डोंगर साधारण पाचशे पायऱ्यांचा आहे. तिथे बाबा खाली शहाळं घेऊन बसतील. हवेची छोटी उशी घरून न्या, फळीवर ठेवायला. आणि होडीतून उतरताना नावाडीणबाईंना आधी धक्क्यावर उतरू द्या, मग बाबांनी तिचा दंड धरायचा, हात नाही. ओले हात निसटतात.